देशाची सायबर सुरक्षा आणि मुंबईचा व्यापार-उद्योग

फोर्टमधल्या मिंट रोडपासून प्रभादेवीपर्यंतच्या पट्ट्यात देशाच्या अर्थव्यवहाराची कितीतरी यंत्रणा एकवटली आहे. मिंट रोडवर रिझर्व्ह बँक, दलाल स्ट्रीटवर मुंबई शेअर बाजार, होमी मोदी स्ट्रीटवर टाटा समूहाचे बॉम्बे हाउस. पुढे लोअर परळला सेनापती बापट मार्गावर एचडीएफसी बँकेचे मुख्यालय, ना. म. जोशी मार्गावर मफतलाल गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये सीडीएसएल ही डिपॉझिटरी, आणि प्रभादेवीला सारस्वत बँक. यांतली रिझर्व्ह बँक सोडली तर बाकी संस्था भागधारकांच्या किंवा सभासदांच्या मालकीच्या आहेत. देशाच्या सायबर सुरक्षेत व्यवसायांचा वाटा कोणता, या प्रश्नाचे पहिले उत्तर या मालकीतच आहे. परक्या देशाचा हॅकर असो की खंडणीखोर टोळी, घुसायचे असते ते बहुधा एखाद्या कंपनीच्या, सहकारी बँकेच्या किंवा त्यांच्या पुरवठादाराच्या संगणकात. तिथे पोलीस आधीपासून पहाऱ्याला नसतात. राखण मालकालाच करावी लागते, आणि चोरी झाल्याचे सर्वांत आधी कळते तेही मालकालाच.

ही परिस्थिती तीसेक वर्षांत तयार झाली. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली तेव्हा निगम सरकारी होते. २००२ मध्ये त्याचे व्यवस्थापन टाटा समूहाकडे गेले. त्याच काळात बँकांच्या शाखा एका मध्यवर्ती प्रणालीला जोडल्या गेल्या, समभाग कागदावरून डिमॅट खात्यात गेले, आणि १९८२ च्या संपानंतर एकेक करून थंडावलेल्या गिरण्यांच्या जमिनींवर परळ-लोअर परळला कार्यालये आली. गिरणीत आग लागली तर नुकसान बहुतांशी त्या गिरणीपुरते असे. आज त्याच आवारातल्या एका सर्व्हरमध्ये बिघाड झाला तर सांगली-सोलापूरच्या गुंतवणूकदाराचाही सौदा अडकतो. जोखीम अशी सामाईक झाली, यंत्रे मात्र ज्याची त्याची राहिली. सायबर सुरक्षेची बहुतेक धोरणे ही विसंगती सांभाळण्यासाठीच आखलेली असतात.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगता येते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. त्यात २००८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि सर्ट-इन या संस्थेला सायबर घटनांची माहिती गोळा करणारी राष्ट्रीय संस्था म्हणून अधिकार मिळाले. ज्या यंत्रणा कोलमडल्या तर देशाचे अर्थकारण, आरोग्य किंवा सुरक्षाच धोक्यात येईल अशा ‘अतिमहत्त्वाच्या’ यंत्रणांसाठी २०१४ पासून वेगळे केंद्र आहे. जून २०२२ मध्ये आयसीआयसीआय बँक, एचडीएफसी बँक आणि यूपीआय चालवणारे राष्ट्रीय देयक महामंडळ म्हणजे एनपीसीआय यांच्या प्रमुख संगणकीय प्रणाली या वर्गात घातल्या गेल्या. तीनही संस्थांची मुख्य कार्यालये मुंबईत आहेत. यांतल्या खासगी बँकांच्या या प्रणालींत अनधिकृतपणे शिरणे हा तेव्हापासून संरक्षित यंत्रणेवरचा गुन्हा ठरतो आणि त्यासाठी दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. बँकेसाठी यात मान आहे तसा भारही आहे, कारण संरक्षित यंत्रणेच्या मालकाने काय काय करायचे याची यादी त्याबरोबरच येते.

मुंबईकरांना या विषयाची जाणीव झाली ती १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी. दहाच्या सुमारास शहराची आणि आसपासच्या नगरांची वीज गेली. लोकल रुळांवर उभ्या राहिल्या, ऐन कोविडच्या दिवसांत रुग्णालयांना जनरेटरचा आधार घ्यावा लागला, आणि घरून काम करणाऱ्या लाखो लोकांचे संगणक बंद पडले. बाहेरच्या ग्रिडमध्ये गडबड झाली तर मुंबईने स्वतःला तोडून घेऊन स्थानिक विजेवर तग धरावा, अशी सोय फार पूर्वीपासून आहे. त्या दिवशी ती अपुरी पडली. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस ‘रेकॉर्डेड फ्युचर’ या अमेरिकी कंपनीने एक अहवाल प्रसिद्ध केला. चीनशी संबंधित असलेल्या, तिने ‘रेडएको’ नाव दिलेल्या गटाने भारताच्या वीज क्षेत्रातल्या दहा संस्थांच्या आणि दोन बंदरांच्या जाळ्यांना लक्ष्य केल्याचे त्यात म्हटले होते. बंदरांपैकी एक मुंबईचे. मात्र मुंबईतल्या खंडित विजेशी याचा संबंध सिद्ध होत नाही, हेही त्याच अहवालात नमूद होते. १ मार्चला राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्य सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता मांडली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ती नाकारली आणि मानवी चूक हे कारण सांगितले.

हा वाद कोणी जिंकला यापेक्षा तो मिटवायला काय लागले असते, हे या विषयाच्या वाचकाने पाहायला हवे. कोणत्या संगणकावर कोणी, किती वाजता, कुठून प्रवेश केला याची नोंद, म्हणजे लॉग, वीज निर्मिती, पारेषण आणि वितरण करणाऱ्या प्रत्येक संस्थेकडे पूर्ण हवी आणि सगळ्यांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली हवीत. एकाच्या नोंदीत दहा वाजून दोन मिनिटे आणि दुसऱ्याच्या नोंदीत नऊ अठ्ठावन्न असेल तर आधी काय घडले हेच ठरत नाही. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशांत लॉग १८० दिवस जपून ठेवण्याची आणि घड्याळे ठरावीक सर्व्हरशी जुळवण्याची सक्ती आहे. त्या आदेशांवर टीका बरीच झाली, पण घड्याळांचे हे रुक्ष कलम त्यातले सर्वांत उपयोगी कलम मानायला हरकत नाही. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीज क्षेत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. वीजप्रवाह नियंत्रित करणारे जाळे इंटरनेटपासून तोडलेले असावे, हा त्यांचा एक मुख्य आग्रह. या आग्रहाचा अर्थ वर्षभरात समजला. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी टाटा पॉवरने शेअर बाजाराला कळवले की कंपनीच्या माहिती तंत्रज्ञान यंत्रणेवर हल्ला झाला असून काही प्रणालींवर परिणाम झाला आहे. पुढे ‘हाइव्ह’ या खंडणीखोर टोळीने चोरलेली माहिती बाहेर टाकली. कार्यालयीन संगणकांचे नुकसान झाले, पण वीज चालू राहिली. महत्त्वाच्या सर्व यंत्रणा सुरू असल्याचे कंपनीने त्याच निवेदनात सांगितले होते.

कधीकधी व्यवसायाशी हल्लेखोराचे काही देणेघेणेही नसते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा विषाणू युक्रेनमध्ये सोडण्यात आला, तोही तिथल्या हिशेबाच्या एका लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. ज्या कंपन्यांचे युक्रेनमध्ये एखादे कार्यालय होते त्यांच्या जगभरच्या जाळ्यात तो शिरला. डेन्मार्कची मर्स्क ही त्यांपैकी एक. तिच्या समूहाकडे न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनल होते, आणि त्याचे संगणक बंद पडल्याने कंटेनरची ने-आण ठप्प झाली. कुठला कंटेनर कुठल्या थप्पीत आहे हे संगणकालाच ठाऊक असते. तो गेला की क्रेनचालक असूनही क्रेन उभी. मस्जिद बंदरच्या आयातदाराचा माल युक्रेन-रशियाच्या भांडणात अडकला. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, आणि नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. जाळ्याची नोंदवही असलेल्या सर्व्हरांच्या साऱ्या प्रती पुसल्या गेल्या होत्या. वाचली ती फक्त घानामधली एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. लोडशेडिंगने कोणाचे भले केल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत बोलके प्रकरण मात्र पुण्याचे आहे. कॉसमॉस ही १९०६ मध्ये स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. दुपारनंतर काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे १२,००० व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये काढले गेले. देशातही अडीच कोटी निघाले, त्यांतले काही कोल्हापूरच्या एटीएममधून. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट यंत्रणेतून १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले. एकूण फटका ९४ कोटींचा.

हे कसे घडले ते समजून घेण्यासारखे आहे. एटीएममध्ये कार्ड टाकले की मागणी बँकेच्या ‘स्विच’कडे येते. स्विच मुख्य प्रणालीला विचारतो की या खात्यात एवढे पैसे आहेत का, आणि होकार आला तरच नोटा बाहेर पडतात. हल्लेखोरांनी या दोघांच्या मध्ये स्वतःचा एक खोटा स्विच बसवला. त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक मागणीला तो परस्पर होकार देत राहिला. मुख्य प्रणालीला कोणी विचारलेच नाही, त्यामुळे ग्राहकांच्या खात्यांतून एक रुपयाही कमी झाला नाही. गेले ते बँकेचे स्वतःचे पैसे. अशी तयारी एका रात्रीत होत नाही. आत शिरल्यानंतर कित्येक दिवस जाळ्याची पाहणी झालेली असणार, आणि त्या दिवसांत कोणी नोंदी पाहिल्या असत्या तर माग लागू शकला असता. दिवसही निवडून काढलेले: शनिवारी दुपारनंतर सुरुवात, मध्ये रविवार, आणि बुधवारी १५ ऑगस्टची सुट्टी. योगायोग असा की जगभरच्या एटीएमवर अशी धाड पडणार असल्याचा गोपनीय इशारा अमेरिकेच्या एफबीआयने आदल्याच दिवशी बँकांना दिला होता. माहिती जगात उपलब्ध होती. ती जिथे हवी तिथे, ज्याला वाचून समजेल अशा माणसाकडे, वेळेत पोचणे हा वेगळा प्रश्न आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने पुढे या हल्ल्याचा माग उत्तर कोरियाकडे जोडला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. ते मुख्यतः बनावट कार्डे चालवून रोकड काढणारे हस्तक होते. एका सहकारी बँकेच्या सर्व्हरची राखण हा परराष्ट्र धोरणाचाही विषय असतो, हे महाराष्ट्राला या प्रकरणाने दाखवले.

सहकारी बँकांचे गाव म्हणून मुंबईला हे अधिक लागू पडते. सारस्वत बँकेची मुळे १९१८ च्या गिरगावात आहेत. शामराव विठ्ठल बँक तिच्याही आधीची, १९०६ ची. चाळीतल्या, जातीच्या, गावच्या किंवा कारखान्याच्या ओळखीवर उभ्या राहिलेल्या अशा संस्थांनी मध्यमवर्गाला आणि कामगाराला कर्ज दिले. कर्जदाराला चेहऱ्याने ओळखणे ही त्यांची ताकद होती. संगणकाच्या जाळ्यात ती ओळख उपयोगी पडत नाही. मोठ्या बँकेला सुरक्षेसाठी चोवीस तासांचा कक्ष परवडतो, दहा शाखांच्या बँकेला परवडत नाही. रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ रोजी व्यापारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट आणली. त्यानंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये, कॉसमॉसची घटना ताजी असताना, नागरी सहकारी बँकांसाठी किमान नियम काढले, आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी त्यांना चार पातळ्यांत विभागले. जी बँक जितकी जास्त डिजिटल सेवा देते तितके तिच्यावरचे नियम कडक. ही विभागणी शहाणपणाची आहे. फक्त छापील पासबुक देणाऱ्या बँकेवर स्विफ्ट वापरणाऱ्या बँकेइतका बोजा टाकला तर ती नियम कागदावरच पाळील.

छोट्या बँकांनी अडचणीतून काढलेला मार्ग म्हणजे काम बाहेर देणे. एकच तंत्रज्ञान कंपनी शेकडो बँकांचे खाते-सॉफ्टवेअर चालवते. हा मार्ग स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा जास्त सुरक्षितही, पण त्यात जोखीम एका जागी साठते. ३१ जुलै २०२४ रोजी तेच झाले. टीसीएस आणि स्टेट बँक यांची संयुक्त कंपनी असलेल्या सी-एज टेक्नॉलॉजीजच्या यंत्रणेत खंडणीखोर सॉफ्टवेअर शिरले. एनपीसीआयने ताबडतोब सी-एजचा संपर्क तोडला, आणि देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएम बंद पडले. तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. या घटनेत व्यवसायांचा वाटा दोन्ही अंगांनी दिसतो. दार उघडे राहिले ते पुरवठादारांच्या साखळीत, आणि आग पसरू नये म्हणून दार बंद केले तेही एका बिगरसरकारी महामंडळाने. शेकडो बँकांचे ग्राहक एक दिवस खोळंबतील हे माहीत असून जोडणी तोडण्याचा निर्णय काही तासांत घेणे सोपे नसते. असा निर्णय कोण घेणार, हे आधीच लिहून ठेवलेले असेल तरच तो घेता येतो.

पुरवठादाराची सुरक्षा ही आपलीच सुरक्षा आहे, हे मोठ्या कंपन्यांना दुसऱ्या बाजूनेही शिकावे लागले. बॉम्बे हाउसमधून चालणाऱ्या टाटा समूहाच्या मालकीची जग्वार लँड रोव्हर ही ब्रिटिश कंपनी. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस झालेल्या हल्ल्यामुळे तिचे उत्पादन सप्टेंबरभर बंद राहिले. झळ लागली ती तिला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांना, कारण त्यांच्याकडे महिनाभर पगार देण्याइतकी गंगाजळी नव्हती. अखेर ब्रिटिश सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाची हमी द्यावी लागली. कंपनीचे नुकसान हे कंपनीपुरते राहत नाही, एवढे त्या हमीतून उघड झाले.

लालबागच्या मसाल्याच्या दुकानात, दादरच्या रानडे रोडवरच्या साडीच्या पेढीवर किंवा गिरगावातल्या छापखान्यात राष्ट्रीय सुरक्षेची चर्चा होत नाही, आणि व्हावी अशी अपेक्षाही नाही. तरी या दुकानांचा वाटा खरा आहे. हिशेबाच्या संगणकावर विनापरवाना सॉफ्टवेअर, वर्षानुवर्षे न केलेले अपडेट, आणि जीएसटीचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला, हे दृश्य अपवादाचे नाही. असा संगणक मालकाच्या नकळत हॅकरच्या फौजेत भरती होतो. दिवसा तो बिले काढतो आणि रात्री दुसऱ्या कोणाच्या तरी सर्व्हरवर हल्ला करतो. मे २०१७ मधल्या ‘वॉनाक्राय’ने जगभर हाहाकार माजवला तो मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी काढलेले अपडेट ज्यांनी घेतले नव्हते त्यांच्या जोरावर. अशी बाधित यंत्रे ओळखून साफ करण्याची मोफत साधने केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फे २०१७ पासून मिळतात. व्यापाऱ्यांच्या संघटनांनी आपल्या बैठकीत भाडे आणि पार्किंगच्या जोडीने हा विषय पाच मिनिटे घेतला तरी पुष्कळ होईल.

निर्यात करणाऱ्याला धोका ईमेलमधून असतो. ऑपेरा हाउसच्या पंचरत्न इमारतीतल्या हिऱ्यांच्या व्यापारात शब्दावर कोट्यवधींचे सौदे होत आले. २०१० नंतर त्या व्यापाराचा मोठा भाग वांद्रे-कुर्ला संकुलात गेला आणि पत्रव्यवहार परदेशी गिऱ्हाइकाशी ईमेलने होऊ लागला. ठग आधी कोणाचे तरी मेलखाते ताब्यात घेतो आणि गुपचूप वाचत बसतो. बिल पाठवायची वेळ आली की तेवढ्यात त्याच भाषेत, त्याच मायन्यात एक ओळ येते: आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम या नव्या खात्यात भरावी. पैसे जातात, माल गेलेला असतो, आणि दोन जुने व्यापारी एकमेकांवर संशय घेतात. यावरचा उपाय कुठल्याही यंत्राहून स्वस्त आहे. खाते बदलल्याचे कळले की आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची. मेलमध्ये आलेल्या नंबरवर नव्हे.

चोरलेला पैसा वाहून नेण्यासाठी टोळ्यांना चालू खाती लागतात, आणि ती मिळतात छोट्या व्यावसायिकांकडूनच. दुकानाच्या नावाचे खाते, त्याचे चेकबुक आणि सिमकार्ड महिन्याच्या भाड्यावर देणारा माणूस स्वतःला गुन्हेगार समजत नाही. पण त्याच्याशिवाय देशाबाहेर बसलेल्या ठगाला एक रुपयाही हलवता येणार नाही. १९३० या मदतक्रमांकावर तक्रार आली की पैसे ज्या खात्यांतून पुढे सरकतात ती खाती बँकांनी काही मिनिटांत गोठवावीत, अशी यंत्रणा आहे. तिचे यश बँकेच्या तत्परतेवर ठरते, आणि खाते उघडताना शाखेतल्या माणसाने दुकान खरोखर आहे का ते पाहिले होते की नाही यावरही.

आता सर्वांत अवघड मुद्दा. देशाच्या सुरक्षेला व्यवसाय सर्वांत मोठी मदत करू शकतो ती घडलेले ताबडतोब सांगून. एका बँकेत शिरलेले सॉफ्टवेअर त्याच आठवड्यात दुसऱ्या बँकेच्या दारात असते. पहिलीने खुणा कळवल्या तर दुसरी वाचते. आणि नेमके हेच करणे व्यापाऱ्याच्या स्वभावाविरुद्ध जाते. मुंबईचा बाजार पतीवर चालत आला आहे. अडचण झाली तरी ती पेढीच्या बाहेर जाऊ द्यायची नाही, हुंडी वेळेवर सकारायची, आणि आतले आत निस्तरायचे, ही इथली जुनी रीत. ठेवीदारांची रांग लागण्याची भीती खोटी नाही. सहकारी बँकांच्या बाबतीत मुंबईने अशा रांगा पाहिल्या आहेत. म्हणून स्वेच्छेवर विसंबून चालले नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना घटना दोन ते सहा तासांत कळवण्याचे बंधन घातले. सर्ट-इनच्या २०२२ च्या आदेशांनी सहा तासांची मुदत सगळ्याच कंपन्यांना लावली. सेबीने सूचिबद्ध कंपन्यांना सायबर घटनांचा तपशील तिमाही अहवालात देणे भाग पाडले आणि २० ऑगस्ट २०२४ रोजी बाजारातल्या मध्यस्थांसाठी स्वतंत्र चौकट काढली.

सहा तास कमी आहेत, हा उद्योगांचा आक्षेप रास्त आहे. पहिल्या सहा तासांत आपल्या घरात नेमके काय घडले ते कंपनीलाही ठाऊक नसते, आणि जी मोजकी माणसे आग विझवत असतात त्यांनाच अर्ज भरायला बसवावे लागते. तरी अर्धवट पण लवकर आलेली माहिती पूर्ण पण उशिरा आलेल्या माहितीपेक्षा इतरांच्या जास्त कामाची असते. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी सीडीएसएलला आपल्या अंतर्गत संगणकांत घातक सॉफ्टवेअर सापडले. संस्थेने त्याच दिवशी ते शेअर बाजाराला कळवले, बाजारातल्या इतर घटकांशी असलेली जोडणी स्वतःहून तोडली, आणि अडकलेली सौद्यांची पूर्तता शनिवार-रविवारात उरकली. सोमवारी बाजार नेहमीसारखा उघडला. सांगितल्याने पत बुडत नाही, याचे हे मुंबईतलेच उदाहरण आहे. इतर कंपन्यांनी ते पुरेसे मनावर घेतले आहे असे मात्र दिसत नाही.

बँकांची आपसांत माहिती वाटून घेण्याची व्यवस्था २०१४ पासून हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेच्या संस्थेकडे आहे. तिचा खरा उपयोग तेव्हाच होतो जेव्हा सांगणाऱ्याला शिक्षेची भीती नसते. नियंत्रकाला इथे तारेवर चालावे लागते. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने वारंवार बंद पडणाऱ्या सेवांमुळे एचडीएफसी बँकेला नवी डिजिटल उत्पादने आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली. निमित्त हल्ल्याचे नव्हते. आदल्या महिन्यात डेटा सेंटरची वीज जाऊन सेवा कोलमडली होती. निर्बंध पूर्णपणे उठायला मार्च २०२२ उजाडले. देशातल्या सर्वांत मोठ्या खासगी बँकेचा धंदा थांबवता येतो, हे बाकीच्यांच्या संचालक मंडळांनी नीट ऐकले असणार.

व्यवसायांचा आणखी एक वाटा म्हणजे सुरक्षेची साधने बनवण्याचा. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर शाळेनंतर रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. पुण्यात १९९३ मध्ये त्यांनी संगणक दुरुस्तीचे दुकान काढले. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले असत, म्हणून कॉलेजात शिकणारे धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारे सॉफ्टवेअर लिहिले, आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. स्थानिक गिऱ्हाइकाची अडचण रोज पाहणाऱ्याने साधन बनवले की ते इथल्या खिशाला आणि इथल्या जुन्या संगणकांना मानवते. देशी साधनांचा आग्रह केवळ अभिमानापोटी धरावा असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. हल्ला कोणीच केला नव्हता. सगळ्यांनी एकाच पहारेकऱ्यावर भिस्त ठेवली होती. देशी कंपनीच्या बाबतीतही हे तितकेच खरे ठरेल.

बँका, वीज आणि शेअर बाजार यांना कडक नियंत्रक आहेत. इतरांना आजवर तसा कोणी नव्हता, आणि परळच्या पॅथॉलॉजी लॅब, दादरचे कोचिंग क्लास, गिरगावातले दवाखाने यांच्याकडे लोकांची अतिशय खासगी माहिती असते. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेल्या हल्ल्यानंतर तिथली बाह्यरुग्ण नोंदणी आणि अहवाल कित्येक दिवस हातानेच लिहावे लागले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर दोन खोल्यांच्या लॅबचे काय होईल याचा अंदाज करता येतो. ही मोकळी जागा भरण्याचा प्रयत्न २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने केला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती फुटली तर संबंधित व्यक्तींना विनाविलंब आणि या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील कळवावा लागेल. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. व्यवसायांवरची मुख्य बंधने नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मध्यापासून, लागू होतील. तोवर प्रत्येकाला आपल्याकडे कोणाची कोणती माहिती आहे, ती कुठल्या संगणकावर आहे आणि त्याची किल्ली कोणाकोणाकडे आहे, याची यादी करावी लागणार आहे. फार थोड्या दुकानांनी आणि दवाखान्यांनी ती कधी केली असेल.